फोटोखालचं टेबल

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत मुली मला घाबरतात, घरी मामी घाबरते, आणि शामरावांच्या उपाहारगृहातला आनंदा वेटर मला दारात पाहिलं की टेबल दोनदा पुसायचा. कऱ्हाडहून गिरगावात मास्तरीण म्हणून येऊन मला जेमतेम महिना झाला होता. मधल्या सुट्टीत ठाकूरद्वारला जायचं, गरम थालीपीठ आणि लोणी खायचं, परत वर्गावर यायचं... एवढीच काय ती माझी चैन.

त्या दुपारी श्रावणातली एक सर येऊन गेली होती आणि लगेच ऊन पडलं होतं. बायकांसाठीची फॅमिली रूम भरलेली. बाहेर माणसं खांद्याला खांदा लावून मिसळ ओरपत होती. आणि खिडकीपाशी मात्र अख्खं टेबल मोकळं. म्हणजे एक जण होता तिथं, पण एकटाच.

"इथं कुणी येणार आहे का?" मी विचारलं.

तो असा दचकला, की मीच अर्धं पाऊल मागे सरले.

"मला विचारलंत?"

"नाही, भिंतीला."

"भिंतीला विचारलंत तरी चालेल," तो हसला, पण ओठांनीच. "तिथंही मीच आहे."

मी वर पाहिलं. भिंतीवर फोटो होता. चंदनाचा हार, खाली उदबत्तीचं घर, आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं - 'हुतात्मा रामदास परब. जानेवारी १९५६.' तेच रुंद कपाळ, डाव्या भुवईत तीच पांढरी खाच. उदबत्तीची राख त्याच्या खांद्यावर पडली होती आणि तो ती झटकत नव्हता.

मी दाराकडे पाहिलं. पण खुर्ची ओढून झाली होती, आणि ओढलेली खुर्ची परत सारणं माझ्या स्वभावात नाही. मी बसले.

आनंदा आला. सगळ्यांना काचेच्या बश्या आणि याला केळीचं पान. तेही उलटं मांडलेलं, शेंडा भलत्याच बाजूला, पितरांना मांडतात तसं. भात, वरण, अळूवडी, साबुदाणा वडा. वाढून झाल्यावर आनंदानं खाली मान घालून नमस्कार केला. माझ्याकडे न बघता पुटपुटला, "ताई, तिकडं या. मी जागा करून देतो."

"मला इथंच थालीपीठ आण."

"ताई..."

"आणि पाणी."

समोरचा माणूस माझ्याकडे बघत राहिला. कुणी आपल्याशेजारी बसलंय, याचंच त्याला नवल वाटत असावं.

"तुम्ही... आहात ना?" मी शेवटी विचारलंच.

"मलाही हल्ली नक्की सांगता येत नाही."

हसावं की पळावं, कळेना. मग मास्तरीण जागी झाली. मी चष्मा काढून त्याच्यापुढे धरला.

"श्वास सोडा यावर."

"काय?"

"हा करा, हा. पट्टी हातात नाही म्हणून विनंती करतेय."

तो वाकला. काच पांढरी झाली. मी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, आणि क्षणभर सगळं हॉटेल धूसर दिसलं. त्याच्या श्वासाची ऊब माझ्या पापण्यांना लागली. कान तापले माझे. गोष्ट सांगतेय तर खरं तेच सांगते.

रामदास एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. जानेवारीतल्या त्या भयंकर आठवड्यात, मुंबईसह महाराष्ट्रासाठीच्या मोर्चात शेजारच्या पोराला थंडी वाजत होती, म्हणून यानं अंगातला सदरा काढून त्याला दिला. याला पकडलं आणि तुरुंगात टाकलं. गोळी त्या पोराला लागली. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता, पण सदऱ्याच्या खिशावर छापखान्याच्या शाईचे डाग होते. रामदासच्या खोलीवर राहणाऱ्या गाववाल्यांनी डागांवरून ओळख पटवली. सहा महिन्यांनी हा सुटून आला, तर आईनं गावी तेरावं उरकलेलं.

"पत्र नाही लिहिलंत तुरुंगातून?"

"दोन लिहिली. आयेनं चुलीत घातली. मेलेल्या झिलाचं पत्र घरात ठेवू नये म्हणाली." बोलता बोलता त्याचं मालवणी डोकावलं आणि आवाज खाली गेला.

"मग दुसऱ्या हॉटेलात जा ना. वाढतील की माणसासारखं."

"वाढतात. पण ते मला ओळखत नाहीत. मला ओळखणारे सगळे इथंच जेवतात."

मी गल्ल्यावर जाऊन शामरावांशी भांडले. म्हातारा माझ्यावर रागावला नाही, उलट त्याचे डोळे भरून आले.

"बाई, दहावा मी स्वतः केला, बाणगंगेवर. कावळा शिवेना. दोन तास झाले. मग मी हात जोडून म्हटलं, रामदासा, मुंबईसह महाराष्ट्र घेतल्याशिवाय आम्ही गप्प बसणार नाही. शब्द संपायच्या आत कावळा शिवला. चाळीस माणसांनी पाहिलंय. तेव्हा रामदास गेला, तो समाधानानं गेला. आता तिथं जो येऊन बसतो तो कोण, ते मी विचारत नाही. त्याला जे आवडायचं ते वाढतो. हाकलत नाही, एवढं पुरे."

कावळ्याशी भांडता येत नाही.

मी रोज त्याच टेबलावर बसू लागले. तो मला मुलींच्या वह्यांतल्या चुका विचारायचा, मी त्याला त्याच्या नव्या छापखान्यातल्या. "तुम्ही रागावलात की नाकाचा शेंडा लाल होतो," एकदा म्हणाला. "मेलेल्या माणसानं इतकं बारीक बघू नये," मी म्हटलं, आणि तो पहिल्यांदा मोकळा हसला. आसपासच्या टेबलांवर एकदम शांतता पसरली. मग चमचे पुन्हा वाजू लागले, जरा जोरातच.

आणि एका बुधवारी तो आला नाही.

आनंदानं पान मांडलं. भात, वरण, अळूवडी वाढली. रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला. कालच्यासारखाच, तितक्याच मायेनं. कुणी दाराकडे पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही. पानावरचा भात निवत गेला आणि वरणावर साय धरली. तेव्हा मला जी भीती वाटली, ती त्या पहिल्या दिवशी फोटो पाहूनही वाटली नव्हती. त्या माणसांना फरकच पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल.

"काल मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो," तो म्हणाला. "मी नव्हतो, तरी वाढलं त्यांनी. तुम्ही पाहिलंत ना? मग मी असून काय उपयोग? ते म्हणतात तेच खरं करून टाकतो. चौपाटी काही लांब नाही."

सहज बोलला. कुणी घरी जातो म्हणावं, तसं. मला त्याचा राग आला, शामरावांचा आला, त्या कावळ्याचा आला. आणि त्या रागाच्या तळाशी काय होतं, तेही मला लख्ख कळलं. हा माणूस उद्या या खुर्चीवर नसेल, तर या शहरात मला कशाचीच चव लागणार नव्हती.

मी त्याचं पान माझ्याकडे ओढलं. त्यानं एक घास घेतला होता, तिथूनच उष्टा भात कालवला आणि खाल्ला. मग अळूवडी अर्धी तोडून तोंडात टाकली.

भट्टीवरचा झारा थांबला. आनंदाच्या हातातला पाण्याचा तांब्या कलला आणि पाणी फरशीवर सांडत राहिलं. शामराव गल्ल्यामागून उठले.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "ते त्याचं पान होतं."

"ठाऊक आहे मला. मीठ कमी आहे वरणात."

आनंदा आला आणि माझ्यासमोरचा काचेचा पेला उचलून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा टेबलावर दोन पानं होती. दोन्ही उलटी. मला कुणी काय हवं विचारलं नाही. आनंदानं वाढलं, नमस्कार केला आणि माझ्या अंगावरून पलीकडच्या खिडकीकडे बघत निघून गेला. मी त्याला हाक मारली, तर तो शेजारच्या टेबलाचं फडकं पिळत राहिला. इतकी माणसं होती, पण एकाचीही नजर माझ्यापर्यंत पोचत नव्हती. सहा महिने तुरुंगात काढून आलेला हा माणूस रोज काय गिळत होता, ते मला त्या घासाला कळलं.

"हे काय करून बसलात तुम्ही?" रामदास कुजबुजला. त्याचे डोळे वाहत होते. "माझ्यासाठी..."

"कुजबुजताय कशाला? कोण ऐकतंय?"

तो थांबला. त्यानं इकडे तिकडे पाहिलं. फॅमिली रूमच्या पडद्यामागून रोज डोकावणाऱ्या बायका नव्हत्या. खाकरणारे म्हातारे खाकरत नव्हते. ज्या गिरगावात मुलगा मुलीशी दोन शब्द बोलला तर चार चाळींत बातमी जाते, तिथं भर दुपारी आमच्याकडे बघायला कुणी नव्हतं.

"शालन," तो म्हणाला. पहिल्यांदाच, नावानं, आणि मोठ्यानं. "मला तू हवी आहेस. शनिवारच्या गाडीनं गावी जातो. भटजी म्हणतात, पुन्हा जन्माचे सगळे विधी करावे लागतील, बारशापासून. करीन. आयेच्या दारात उभा राहीन, ती ओळखेपर्यंत. पण एकट्यानं जायची छाती नाही मला... येशील?"

घरी मामीला काय सांगायचं, शाळेत काय सांगायचं, कऱ्हाडला बाबांना काय लिहायचं, काहीच सुचत नव्हतं.

"येईन," मी म्हटलं.

त्यानं टेबलावर हात पुढे केला. मी धरला. शाईनं काळी झालेली त्याची बोटं गरम होती. चाळीस माणसं जेवत होती. मी हात सोडला नाही.