कटिंग मशीनमधला हात

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं आहे, म्हणून लिहिते आहे.

रात्र नव्हती. शनिवारची भर दुपार होती, आणि जागा आमच्या छापखान्यातलं कटिंगचं दालन.

मी तिथे वरच्या मजल्यावर संगणकावर पुस्तकांची पानं लावते. माझा दादा खाली कटिंग मशीनवर असतो. कागदाचा वीतभर जाड गठ्ठा त्या मशीनचं पातं एका फटक्यात कापतं.

जुन्या मशीनवर दादाच्या जोडीला मिशीकाका असायचे. काम लवकर उरकावं म्हणून मालकांनी पात्यापुढची जाळी काढायला लावली. एके दिवशी पातं काकांच्या मनगटावर आलं. दवाखाना गाठेपर्यंत ते गेले. त्यांचा तुटलेला हात दादाने ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरला होता.

मग नवं मशीन आलं. त्याच्या पात्यापुढे किरणांचा अदृश्य पडदा होता. आड बोट जरी आलं, तरी पातं जागच्या जागी थांबणार. शिवाय दोन बटणं, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याखेरीज पातं हलत नसे. दोघांचं काम आता दादा एकटाच करणार होता.

"आता तुझा दादा दोन्ही हातांसकट म्हातारा होणार बघ," तो मला म्हणाला होता.

काही दिवस सुरळीत गेले.

मग मशीन मध्येच थांबू लागलं...

पातं अर्ध्यावर येई आणि थबके. मशीनवरच्या छोट्या काचेवर लाल अक्षरं उमटत : 'हात आत आहे'.

दादाचे दोन्ही हात बटणांवर असत.

त्या शनिवारी कंपनीचा इंजिनिअर आला. वायरी तपासल्या, काचा पुसल्या. मी पानं दाखवायला खाली आले, तेव्हा तो मालकांना सांगत होता, "मशीन ठणठणीत आहे, साहेब. किरणांच्या आड खरंच काहीतरी येतंय."

"काय येतंय? तुझा आजोबा?" मालक ओरडले. "सोमवारी शाळेची पुस्तकं पोचवायची आहेत. बंद कर तो पडदा."

"ते मला करता येणार नाही." इंजिनिअर बॅग उचलून निघून गेला.

मग मालकांनी आमच्या वायरमनला बोलावलं. त्याने एक वायर जोडली. किरण आंधळे झाले.

दादा जागचा हलला नाही. "मालक, जाळीशिवाय एकदा काम केलंय मी. पुन्हा नाही."

"नको करूस. दाराबाहेर लोक रांग लावून उभे आहेत."

दादाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या एकटीच्या पगारात घर चालत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्याने बटणं दाबली.

या वेळी पातं थांबलं नाही.

कागद कापल्याचा आवाज मला ओळखू येतो. हा तो नव्हता... ओली फांदी मोडावी तसा होता.

गठ्ठ्याच्या कडेतून रक्त आलं. पानापानांतून. आधी थेंब, मग धार.

वायरमन किंचाळला. दादाने हात वर केले, बोटं पाहिली. सगळी जागेवर होती. आम्हा सगळ्यांचीच होती.

दादाने गठ्ठा उलगडला. आत काहीच नव्हतं. नुसतं रक्त... आणि ते कोमट होतं.

"उंदीर असेल," मालक म्हणाले. "पुसा ते. नवा गठ्ठा लावा."

"मालक, आत हात आहे," दादा म्हणाला.

मालकांनी त्याच्या थोबाडीत मारली. नवा गठ्ठा स्वतः सरकवला आणि बटणांपाशी उभे राहिले. "बघ, भित्र्या. दोन बटणं, दोन हात."

त्यांचे दोन्ही हात बटणांवर होते. हे मी पोलिसांनाही सांगितलं.

मग त्यांचा उजवा हात उचलला गेला...

कुणीतरी मनगट धरून ओढावं तसा. बाही बोटांखाली दबल्यासारखी चुरगळली होती.

आणि त्यांचा हात सुटल्यावरही ते बटण आत दाबलेलंच होतं.

"सोड... सोड रे!" मालकांनी डावा हात बटणावर रेटून टाचा रोवल्या. हात पात्याखाली गेला. खांदा निखळल्याचा आवाज मी ऐकला. दादाने त्यांच्या कमरेला मिठी घालून मागे खेचलं.

पातं खाली आलं.

दोघेही मागे कोसळले. रक्ताची चिळकांडी दादाच्या तोंडावर उडाली. ज्यांनी आत्ताच त्याला मारलं होतं, त्यांच्या दंडाला दादाने स्वतःचा पट्टा आवळला. मालक वाचले ते त्यामुळेच.

हात मात्र सापडला नाही. गठ्ठा उलगडला, मशीन खोललं... नाहीच.

सुरक्षा बंद केल्यामुळे अपघात, असं पोलिसांनी लिहिलं. ते खोटं म्हणता येणार नाही.

आता कारभार मालकांची मुलगी पाहते. किरणांचा पडदा पुन्हा चालू आहे. मशीन एकदाही थांबलेलं नाही. दादालाच परत त्या मशीनवर बोलावलं आहे.

"दुसरीकडे बघ ना," मी विनवलं.

"सगळीकडे हीच मशीनं आलीत गं. आणि मला दुसरं येतं काय?"

काल जेवताना त्याची बाही वर सरकली. मनगटावर काळेनिळे वळ होते. बोटांचे.

"दुखत नाही," तो म्हणाला. "बटणं दाबली की कुणीतरी धरतं, एवढंच. पातं खाली येईपर्यंत."

"मागे ओढतं... की आत?"

दादाने हातातला घास ताटात ठेवला.

"अजून नुसतं धरलंय," तो म्हणाला.