परमिट परत न्हाई

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, मला फरक पडत नाही. हे माझ्यासमोर घडलंय. रात्री नाही... भरदुपारी. मागच्या ऑगस्टमध्ये, तुंगार्लीजवळच्या आमच्या सबस्टेशनात.

मी तिथे ऑपरेटर आहे. लाइनमन खांबावर चढण्याआधी फोनवर परमिट घेतो, मग आम्ही लाईन बंद करतो. काम झालं की त्याने स्वतः परमिट परत करायचं, तेही ज्याने दिलं त्याच्याकडेच. तोवर लाईन चालू करायची नाही.

माझे श्रीपतीमामा इथेच लाइनमन होते. काही वर्षांपूर्वी तेही असंच परमिट घेऊन चढले होते. दिलं होतं आमच्या सबस्टेशनच्या साहेबांनीच. कुठल्याशा बंगल्यावर पार्टी होती, फोनवर फोन येत होते. साहेबांनी लाईन चालू केली...

मामा खांबावरच गेले.

चौकशीत साहेब म्हणाले, "परमिट न घेताच चढला." मेलेल्या माणसावर ढकलून मोकळे. मामांच्या गावात, लोहगडवाडीत, लोक अजून मामींना ऐकवतात, "तुमचं मालक जरा बेफिकीरच व्हतं." माझं रक्त उकळतं.

त्या दुपारी धुकं दारापर्यंत आलं होतं. आमचा लाइनमन ओंकार माझ्याकडून परमिट घेऊन त्याच लाईनवर चढला होता.

साहेब आत आले. "चालू कर."

"सर, ओंकारने परमिट परत दिलेलं नाही."

"उतरला असेल. बंगलेवाले डोकं खातायत."

मला बाजूला सारून त्यांनी स्विचला हात घातला.

आणि... सगळे आवाज थांबले. पंखा फिरत होता, पण आवाज नाही. बाहेरचा पाऊसही ऐकू येईना.

मग कोपऱ्यातला जुना फोन वाजला.

त्याची वायर आम्ही केव्हाच काढून टाकली होती.

साहेबांनी सवयीने उचलला. आवाज मलाही आला...

"साहेब, श्रीपती बोलतुया. परमिट परत न्हाई. मानूस वर हाय."

साहेब मटकन खुर्चीत बसले.

बऱ्याच वेळाने माझा मोबाईल वाजला. "मानसीताई, ओंकार. आत्ता उतरलो. परमिट परत घ्या."

मी साहेबांना म्हटलं, "आता तरी खरं सांगा. मामांनी परमिट घेतलं होतं."

घाम पुसत म्हणाले, "कोण मामा? हा फोन तर बंद आहे."

इतका निर्लज्ज माणूस. आता तळेगावला आहे, बढतीवर.

तो फोन अजून वाजतो. मीच उचलते. परवा रडत म्हटलं, "मामा, उतरा आता. मी घेते तुमचं परमिट परत."

पलीकडे नुसता पाऊस... मग मामा म्हणाले,

"तू कुटं दिलं व्हतंस, पोरी? ज्यानं दिलं त्यानं घ्यावं. तवर मी वरच हाय."