आईच्या कूलरचं बटण

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मला कुणाची समजूत काढायची नाही.

भुतं रात्री येतात म्हणतात. आमच्याकडे जे आलं, ते भर दुपारी आलं. यंदाच्या अक्षय्य तृतीयेला, बोपोडीत, माझ्या भावाच्या फ्लॅटमध्ये.

आधी भावाबद्दल सांगते.

पियुषदादा आणि मी, दोघंही आयटीत. मूळचे हिंगोलीकडचे. बाबा रिटायर झाल्यावर आईबाबा पुण्यात आले, सोबत गावचा लोखंडी कूलर घेऊन. राहिले अर्थात दादाकडे. माझं घर विश्रांतवाडीत, फार लांब नाही. पण आमच्यात आईबाप लेकीच्या घरी राहत नाहीत. आई माझ्याकडे आली तर चहासुद्धा उभ्या उभ्या घ्यायची.

दादाला नाद स्मार्ट प्लगचा. स्वस्तातले, खोकंभर मागवलेले. भिंतीच्या सॉकेटमध्ये हा प्लग, आणि त्यात गीझर, टीव्ही, कूलर. ऑफिसात बसून मोबाईलवरून घरातलं काहीही चालू-बंद करायचं. पण कंपनीच्या ॲपवर त्याचा विश्वास नव्हता. आपली माहिती परदेशी सर्व्हरवर जाते म्हणे.

मी म्हटलं, "आपल्या आईसाहेब इंदुबाई दुपारी कूलर लावतात हे बाहेर कळलं, तर देशाचं काही खरं नाही."

त्याला विनोद कळला नाही. रविवारभर बसून त्याने एकेक प्लग उघडला. आत बारीक वायरी डकवल्या, लॅपटॉपला जोडलं, कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे प्लग चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, पुसलं. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकटातलं ओपन सोर्स फर्मवेअर त्यात भरलं.

"आता हे फक्त माझंच ऐकणार," तो म्हणाला.

त्याचं हे वाक्य मी विसरलेले नाही.

या प्लगवर एक बारकं बटण असतं. हाताने दाबलं तरी चालतं. टक् आवाज होतो, निळा दिवा लागतो. दादा ऑफिसातून आईबाबांच्या खोलीतला कूलर बंद करायचा. पंखा आहे की, बिल किती येतं, हे त्याचं म्हणणं. मग आई उठायची, बटण दाबायची.

टक्... कूलर पुन्हा घरघरायला लागायचा.

गेल्या वर्षी मे महिन्यात आई गेली. दुपारीच. खोली पश्चिमेची आणि वर गच्ची. डॉक्टर म्हणाले, हार्ट. बाबा एवढंच म्हणाले, "कूलर लागंना. बटन दाबू दाबू थकली ती. मंग म्हणे, ऱ्हाऊ द्या, पियुषचं काही काम चाललं असंल."

प्लग काढून कूलर सरळ भिंतीत लावता आला असता. पण दादाने ताकीद दिली होती, हात लावाल तर शॉर्ट होईल. दोघं त्याला घाबरायचे. मुलाला की शॉर्टला, ते मी कधी विचारलं नाही.

मला वाटलं, प्लग बिघडला असेल. स्वस्तातला माल.

आता यंदाची दुपार.

आमच्याकडे आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर आणि हातपंखा देतात. पुढच्या वाटेवर ऊन लागू नये म्हणून. मी मंडईतून ताडाचा पंखा घेऊन गेले. पोचले, तर गुरुजी घागर घेऊन केव्हाच गेलेले. पंख्याचं दादाने त्यांना सांगितलंच नव्हतं.

"एसीच्या जमान्यात हातपंखा कोण देतं?" तो म्हणाला.

एसी त्याच्या खोलीत आहे.

जेवणं झाली. बाबा माझा हात धरून आत जाऊन पडले. मी पंखा त्यांच्या उशाशी ठेवून हॉलमध्ये आले. दादा सोफ्यावर मोबाईल घेऊन बसलेला. आतून कूलरची घरघर ऐकू येत होती. दादाने मोबाईलवर बोट टेकवलं...

घरघर थांबली.

"अरे, बाबा आहेत आत," मी म्हटलं.

"झोपलेत. झोपेत काय कळतंय?"

घर एकदम शांत झालं. खालच्या रस्त्यावर रिक्षासुद्धा नव्हती.

आणि मग...

टक्.

कूलर सुरू झाला.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी तर त्याच्यासमोरच बसलेले. त्याने पुन्हा बंद केला. आम्ही दोघंही ऐकत राहिलो...

टक्.

दादाने लॅपटॉप ओढला. या फुकटातल्या फर्मवेअरचं एक बरं आहे, ते काही लपवत नाही. प्लग कुणाच्या हुकमाने चालू झाला, कुणाच्या हुकमाने बंद, ते स्क्रीनवर ओळीने दिसतं.

बंद... मोबाईल.

चालू... बटण.

बंद... मोबाईल.

चालू... बटण.

"शक्यच नाही," दादा म्हणाला. "बटण तर मी बंद करून ठेवलंय."

"म्हणजे?"

"सेटिंगमध्ये. कितीही दाबलं तरी काही होत नाही."

"कधी केलंस?"

त्याने लॅपटॉप अर्धा मिटला.

"दादा, कधी?"

"मागच्या उन्हाळ्यात. आई सारखी दाबायची. मी बंद करायचो, ती लावायची. वैताग आला होता."

त्या क्षणी मला माझ्या सख्ख्या भावाची किळस आली. अजूनही येते. बटण दाबून दाबून थकलेली माझी आई त्याचं काही काम चाललंय असं समजत होती, आणि ते खरंच त्याचंच काम होतं.

आम्ही आत गेलो. बाबा खिडकीजवळच्या खाटेवर पडून होते. प्लग पार समोरच्या भिंतीला, कपाटाआड. काठी घेतल्याशिवाय बाबांना उठता येत नाही आणि काठी हॉलमध्ये होती.

निळा दिवा लागलेला होता.

"बाबा, कूलर तुम्ही लावलात?"

"मी कशाला लावू?" बाबा शांतपणे म्हणाले. "ती लावते की. ह्यानं बंद केला की लावते."

दादाने सेटिंग पुन्हा उघडून पाहिलं. बटण बंदच होतं. त्याचा चेहरा उतरला. उतरू दे.

"चला बाबा, माझ्याकडे चला," मी म्हटलं. लेकीच्या घराचं ते काढतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त कपाटाकडे पाहिलं.

"कूलर घेशील का? अन् ते बटन?"

मी दोन्ही घेतलं, ताडाचा पंखाही. त्याच संध्याकाळी बाबांना घरी आणलं. माझ्या वायफायला प्लग जोडला आणि सेटिंगमध्ये जाऊन बटण पुन्हा चालू करून ठेवलं. कुणासाठी, ते विचारू नका.

माझ्याकडे कूलर दिवसभर चालायचा. बंद करायला कुणी नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं.

पण बाबा बोलेनासे झाले. जेवण कमी झालं. दुपारी टक्क जागे राहून प्लगकडे बघत बसायचे. मग एका दुपारी मला हाक मारली.

"श्रद्धा, जरा बंद कर कूलर."

"बाहेर आग ओकतंय, बाबा."

"बंद केल्याबिगर ती कशी येईल?"

मी मोबाईल घेतला. दादा टेकवायचा तसंच बोट टेकवलं...

खोली तापत गेली. बाबांच्या कपाळावर घाम आला. मी दारात उभी होते. प्लगजवळ कुणीही नव्हतं.

टक्.

निळा दिवा लागला. बाबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी तिथेच खाली बसले.

तेव्हापासून रोज दुपारी मी कूलर बंद करते. बाबांना तेवढंच हवं असतं. आणि रोज आवाज येतो.

पण रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा येतो.

हे लिहितेय तेव्हाही दुपारच आहे. कूलर बंद केलाय, त्याला खूप वेळ झाला. बाबांचा सदरा भिजलाय, ओठ सुकलेत. मघाशी मी तो ताडाचा पंखा घेऊन गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. येईल ती."

"मी लावते ना, बाबा."

"तू लावलास तर मला कळंल."

मी दारात बसलेय. मोबाईल हातात आहे. बाबा प्लगकडे बघतायत.

अजून आवाज आलेला नाही...