रिकाम्या कुंडीची तहान

पार्से गावात दोनच प्रकारची माणसं राहतात, असं श्रीनाथचं मत होतं. एक, ज्यांना काही कळत नाही ती. आणि दुसरा श्रीनाथ. डिचोलीजवळच्या एका कारखान्यात तो बाटल्यांना बूच लावणाऱ्या मशीनची देखभाल करायचा. बूच सरळ बसलं की त्या दिवशी आपण विज्ञानाला एक पाऊल पुढे नेलं, अशा चेहऱ्याने घरी यायचा.

त्याच्या आईचा, गंगाबाईंचा, एक डोळा केव्हाच गेला होता. उरलेल्यात मोतीबिंदू. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशननंतर महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही. आणि गंगाबाई तर रोज सकाळी वाकूनच दिसायच्या, कारण सोप्यावर त्यांच्या कुंड्या होत्या. अबोली, मोगरा, ओवा, कढीपत्ता. आणि अगदी टोकाला एक कुंडी, जिच्यात नुसती माती होती.

प्रत्येक कुंडीत तांब्याने पाणी घालायचं, थांबायचं आणि विचारायचं, "पुरो?" म्हणजे पुरे झालं का. मग क्षणभर मान कलती करून ऐकायचं आणि पुढे सरकायचं. रिकाम्या कुंडीपाशी त्या सगळ्यांत जास्त वेळ थांबत.

"आई, हिच्यात लावलंय काय?"

"काय नाय."

"मग पाणी कोणाला?"

"तान काय झाडांकच लागता?"

हे ऐकून श्रीनाथ आतल्या आत इतका हसला, की त्याला ढेकर आला.

कुंड्या सोडून आई ऑपरेशनला जाईना, तेव्हा त्याने यंत्र केलं. ओलावा मोजणारे सेन्सर काट्या-चमच्यातल्या काट्यासारखे मातीत खोचायचे. माती सुकली की बोर्डला कळतं, बोर्ड रिलेला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या बटणाला, सांगतो, रिले 'टक' करून विहिरीच्या पाण्याने भरलेल्या बॅरलमधून त्या कुंडीत जाणाऱ्या नळीचा पंप चालू करतो. माती भिजली की पुन्हा 'टक', पंप बंद. प्रत्येक कुंडीसाठी एक दिवा, सुक्याला लाल, ओल्याला हिरवा. हे सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवलं होतं आणि डब्याला अजून वेलचीचा वास होता. रिकाम्या कुंडीतही त्याने मुद्दाम सेन्सर खोचला. जिथे पाणी प्यायला झाडच नाही तिथली माती सुकेल कशाला? महिनाभर हिरवा दिवा आईला दाखवायचा आणि तो खुळेपणा कायमचा मिटवायचा, असा त्याचा बेत होता.

गंगाबाईंनी डब्याकडे उरलेल्या अर्ध्या नजरेने पाहिलं. "तुझा यंत्र इचारतला?"

"विचारायला कशाला पाहिजे? मोजतंय ना."

"बरां," त्या म्हणाल्या. "तांब्याक मात्र तोंड लावू नको हां. तो तेंचो." आणि त्यांनी कुंड्यांकडे बोट दाखवलं.

मग त्या लेकीकडे, सुविधाकडे, सर्वणला गेल्या. ऑपरेशन छान झालं. श्रीनाथ कारखान्यात सगळ्यांना डब्याचा व्हिडिओ दाखवत फिरला आणि ज्यांनी तो पाहिला नाही त्यांची कीव करत राहिला.

लवकरच रिकाम्या कुंडीचा दिवा लाल झाला. टक. पंप चालला, चालतच राहिला आणि बॅरल रिकामं झालं. खाली सोप्यावर पाण्याचा टिपूस नव्हता. श्रीनाथने सेन्सर उपटून पाण्याच्या कोपात, म्हणजे पेल्यात, बुडवला. हिरवा. कुंडीत खोचला. लाल. सेन्सर बदलला, तरी तेच. मग त्याने काजूबिया तोलायचा काटा आणला, कुंडी तोलली, बालदीभर पाणी ओतलं आणि पुन्हा तोलली. काटा होता तिथेच.

"काटा बिघडलाय," तो म्हणाला.

"सकाळीच तुझ्या त्या काट्यावर बिया विकल्या," ऋतिका, त्याची बायको, म्हणाली. "तेव्हा बरोबर होता. आणि ऐक, विहिरीत पोहरा तळाला आपटतो. तुझं यंत्र मातीला आंघोळ घालतंय आणि मी इथे बालदीभर पाण्याला महाग!"

"हे वैज्ञानिक आहे, तुला कळणार नाही."

"मला आंघोळ कळते."

सर्वणहून फोन आला की तो सांगायचा, "सगळं ओलंचिंब आहे आई." तसं नाही म्हटलं असतं, तर म्हातारी पहिल्या बसने येऊन कुंडीवर वाकली असती, आणि मग तो डोळाही गेला असता. एवढं त्याला कळत होतं. बाकीच्या कुंड्या तर खरंच हिरव्यागार होत्या. मग त्याने रिकाम्या कुंडीचा सेन्सर सरळ तोडून टाकला. हजेरीपटावरून नाव काढलं की पोर वर्गात नसतं, असा तो कारभार.

त्यानंतर घरात पाणी टिकेना.

आधी कुत्र्याचं भांडं. मग देवाजवळचा गडू. ऋतिका कणीक भिजवायची आणि फडकं काढेपर्यंत तिचा भुगा व्हायचा. रात्रभर पाण्यात ठेवलेले चणे सकाळी खडखडीत मिळाले, पातेलंही खडखडीत. श्रीनाथने उष्म्यावर एक छोटं भाषण दिलं. वैशाखात असंच होतं, बाष्पीभवन नावाची गोष्ट असते, शाळेत लक्ष दिलं असतं तर. ऋतिकाने चण्यांचं पातेलं त्याच्या पुढ्यात आदळलं आणि ती शेजाऱ्यांच्या विहिरीवर कळशी घेऊन गेली.

श्रीनाथने डब्याचा प्लग काढला, वायर डब्याभोवती गुंडाळली आणि डबा खिडकीत ठेवून दिला. यंत्रच नको.

त्याच दुपारी सुविधाचा फोन आला. आवाज चिरका.

"दादा, आईचा डोळा सुकलाय."

"म्हणजे?"

"पाणीच नाही त्यात. औषधाचे थेंब घालते, ते घालता घालता नाहीसे होतात. पापणी मिटली की खरखरतं, मला इथून ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात, असाच राहिला तर बुबुळाला चीर जाईल. मग काही करता येणार नाही."

मागून गंगाबाईंचा आवाज आला, अगदी शांत. "तेका इचार गो, तो इचारता काय?"

श्रीनाथने फोन ठेवला. तो सोप्यावर आला. ऊन अंगणात भाजत होतं. माडाचं पानही हलत नव्हतं.

आपण फक्त आईच्या समाधानासाठी हे करतोय, असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं. शेजाऱ्यांच्या विहिरीवरून ऋतिकाने आणलेली कळशी त्याने उचलली, आईचा तांब्या घेतला आणि रिकाम्या कुंडीत पाणी ओतलं.

"पुरो?" त्याने विचारलं. सरकारी कारकून विचारतो तसं.

काही नाही.

पुन्हा ओतलं. माती आवाज न करता पाणी घेत होती. कपड्यावर शाई सांडावी तशी कड पसरायची आणि लगेच आत ओढली जायची.

"पुरो?"

काही नाही.

कळशी अर्धी झाली. त्याची पाठ भिजली. घशात कोरड पडली. आपण एक शिकलेला माणूस, भर दुपारी मातीला प्रश्न विचारतोय, ह्याचा त्याला इतका संताप आला, की हातातला तांब्या त्याने सरळ तोंडाला लावला. एकच घोट. उरलेलं पाणी कुंडीत.

"पुरो?"

ह्या वेळी मान आपोआप कलती झाली.

खिडकीत, वायर गुंडाळलेल्या डब्यात, टक झालं.

श्रीनाथने वाकून कुंडीत पाहिलं.

मातीवर पाणी साचलं होतं. साधं, गढूळ पाणी. त्यात आभाळ दिसत होतं. कुंडीच्या तळातून एक ओघळ निघाला आणि सोप्यावरून अंगणात गेला.

फोन वाजला. सुविधा रडत होती आणि हसतही होती. "दादा, पाणी आलं रे डोळ्यातून! आत्ता, एकाएकी! आई म्हणते, उगाच घाबरलात."

"म्हटलं होतं ना," श्रीनाथ म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच खरखरीत वाटला.

मागे गंगाबाई काहीतरी विचारत होत्या. सुविधाने सांगितलं, "आई विचारते, तांब्याला तोंड नाही ना लावलंस?"

"काहीतरीच," तो म्हणाला आणि आत गेला.

ऋतिका दुसरी कळशी घेऊन नुकतीच आली होती. त्याने कोप भरून पाणी घेतलं. मग आणखी एक. मग कोप बुडवून बुडवून. पाणी ओठांना गार लागत होतं, तेवढंच. पुढे कुठे जात होतं कळत नव्हतं.

ऋतिका बघत राहिली. मग तिला हसू आलं.

"अरे, फुटशील! पुरो?"

तो थांबला. मान कलती करून तो खिडकीकडे कान देऊन उभा राहिला.

डब्यातून काही आवाज आला नाही.

त्याने रिकामा कोप ऋतिकापुढे केला.