जागचा न हलणारा टोर्नेडो

आर्लीन केसलरला त्या दिवशी टोर्नेडो नुसता बघायचा नव्हता, त्याच्या वाटेत एक यंत्र ठेवायचं होतं. तिच्या नवऱ्यानं, लाइलनं बनवलेलं ते यंत्र. कासवासारखं बसकं, पोलादी, उचलायला दोन माणसं लागतील असं. वादळ वरून गेलं की आतला वारा ते टिपून घेणार होतं, म्हणजे पुढच्या वेळी लोकांना लवकर सावध करता आलं असतं. लाइल हिवाळ्यात गेला. यंत्र एकदाही चाललं नव्हतं. मोसम सरत आला होता आणि अनुदानही. आज नाही तर कधीच नाही!

सकाळपासून ती आणि धाकटा दीर व्हर्नन कॅन्ससची मैदानं पालथी घालत होते. एक ढग डोळ्यांदेखत विरला. दुसऱ्यानं गारा मारून गाडीची समोरची काच तडकवली. आता पश्चिमेला तिसरा जमत होता.

"हाही पठ्ठ्या तुरी देणार बघ," व्हर्नन कुरकुरला.

"तू गाडी चालव. तोंड नको चालवूस."

दुपार कलली तेव्हा पश्चिमेच्या काळ्यानिळ्या ढगाचा तळ सावकाश गरगरायला लागला. वारा पडला, पिकत आलेला गहू मैलोन्‌मैल निमूट उभा राहिला आणि गुरं कुंपणाला लागून एकमेकांना चिकटली. मग ढगातून टोर्नेडोची सोंड उतरली. जमिनीला टेकली!

"डावीकडं सरकतोय का?" आर्लीननं विचारलं.

"नाही."

"उजवीकडं?"

"जागचा हलत नाहीये."

दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. जागचा हलत नाही असा दिसणारा टोर्नेडो सरळ तुमच्या अंगावर येत असतो. म्हणजे यंत्र ठेवायची जागा हीच! व्हर्नननं गाडी थांबवली आणि यंत्र उतरवायला मागची फळी पाडली.

तेवढ्यात आर्लीनला रस्त्याकडेचं घर दिसलं. ओसरीवर एक धिप्पाड म्हातारा कॉफीचा मग घेऊन बसला होता. लांब गावातला धोक्याचा भोंगा ओरडत होता. पण इथल्या माणसांची खोडच वाईट, भोंगा वाजला की तळघरात शिरायचं सोडून ओसरीवर येऊन आभाळ बघत बसतात!

ती धावत गेली. "काका, तळघरात चला!"

"कशाला? तो उभाच आहे की. जन्म गेला माझा हे बघण्यात."

"उभा नाही, इकडंच येतोय! त्या पलीकडच्या गोदामाशी ताडून बघा, मघापेक्षा किती रुंद झालाय!"

म्हाताऱ्यानं बघितलं. कॉफीचा मग त्याच्या हातातून सुटला. उठायला गेला आणि परत खुर्चीत कोसळला. "पाय... पाय धरत नाहीत गं, पोरी."

"आर्लीन!" व्हर्नन ओरडला. "ये लवकर! मला एकट्याला उचलत नाही!"

म्हातारा तिला एकटीला उचलणार नव्हता. तिनं यंत्राकडं बघितलं. लाइल त्यावर वाकून बसायचा, जेवायला हाक मारली तरी यायचा नाही. ती व्हर्ननकडं वळली.

"राहू दे ते! इकडं ये!"

दोघांनी म्हाताऱ्याला खांद्यांना धरलं. ओढलं. गर्जना आली. कौलं उडाली. तळघराचं दार उघडलं, पायऱ्यांवरून घसरत खाली, दार ओढलं! दाराच्या साखळीला तिघंही लोंबकळली. कान दडपले. वर काहीतरी प्रचंड कडाडत मोडलं.

मग सगळं थांबलं.

तिघं बाहेर आली तर घर नव्हतं. गाडी उलटीपालटी होऊन शेतात पडली होती आणि यंत्र गव्हात, साधा ओरखडासुद्धा न उठलेलं. ते कशासाठी होतं, हे आर्लीननं म्हाताऱ्याला सांगितलं.

"चाललं का ते?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही. खाली ठेवून बटण दाबायचं होतं."

"माझ्यामुळं राहिलं."

"हो, तुमच्यामुळं," ती म्हणाली आणि मटकन खाली बसून हमसून हमसून रडली. लाइलसाठी रडली, आणि हा अनोळखी म्हातारा जिवंत समोर होता म्हणूनही. व्हर्नननं तिच्या पाठीवर हात ठेवला.

टोर्नेडो जिकडं गेला होता त्या पूर्वेकडं म्हाताऱ्यानं बघितलं. "पलीकडं टोलिव्हरचं घर आहे. ती माणसंही भोंगा वाजला की पोराबाळांना घेऊन ओसरीवर बसतात."

आर्लीननं तोंड पुसलं. यंत्र तिथंच गव्हात सोडून, म्हाताऱ्याला मधे धरून ती तिघं टोलिव्हरच्या घराकडं निघाली.