काचेची तार

गोदामाच्या गेटातून ती बाटल्यांचा क्रेट उचलून बाहेर पडत होती आणि तो मान खाली घालून आत शिरत होता. धडक व्हायची ती झालीच. क्रेट वाचला, त्याच्या पायाचा अंगठा काही वाचला नाही.

"दिसत नाही का? काच आहे यात."

"तीच न्यायला आलोय." तो एका पायावर उभा राहून हसत होता. "पण ती पायावर घ्यायची असते हे कुणी सांगितलं नव्हतं."

पावसाची भुरभुर चालू होती. त्याच्या भुवईवरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायचं सोडून हा प्राणी नुसता बघत उभा. तिला रागच आला. निदान तिने स्वतःची तशी समजूत घातली.

ती काच निवडणारी. आसपासच्या गावांनी मिळून एक योजना काढली होती... एकाने टाकलेलं दुसऱ्याने कामाला घ्यायचं, कचऱ्याच्या खड्ड्यात शक्यतो काही जाऊ द्यायचं नाही. सुतारांचा भुसा अळिंबीवाल्यांकडे, शिंप्यांच्या चिंध्या गादीवाल्यांकडे आणि साऱ्या फुटक्या बाटल्या याच्या भट्टीकडे. भट्टी त्याच्या आत्याची. तिथे त्या बाटल्या वितळवून पेले आणि दिव्यांच्या चिमण्या फुंकत. बाटल्यांमध्ये नको ते काही आलं तर ते बाजूला काढणं हिचं काम. तिच्या नजरेतून काही सुटत नसे, म्हणून गोदामात सगळे तिला 'घार' म्हणत.

मग तो येतच राहिला. गाडी भरून झाली तरी त्याचा पाय निघायचा नाही.

"तुम्हाला भट्टीवर काम नसतं का?"

"असतं ना. पण आत्या म्हणते, काच नीट बघून आण."

"मग काचेकडे बघा."

"तेच करतोय... मधून मधून."

ती मान वर करायची नाही. गाल मात्र आपले ऐकतात कुठे?

आणि इथेच माशी शिंकली.

भट्टी योजनेत राहणार की नाही, ते आज ठरायचं होतं. विभागाची समिती पाहणीला येणार होती. नव्या मुशीतली, म्हणजे वितळवायच्या भांड्यातली, काच चांगली निघाली तर ठीक. नाही तर सगळ्या बाटल्या लांबच्या कारखान्यात जाणार, तिथे त्यांची भुकटी होऊन रस्त्याखाली पडणार. आत्याने साफ सांगून टाकलं होतं, "बाटल्या गेल्या की भट्टी विझली. मग हा जाईल लांब, आपल्या भावाच्या दुकानात." ते ऐकल्यापासून घारीला घास गोड लागत नव्हता.

सकाळी बाजूला काढलेल्या काचेचं पिंप उपसताना तिच्या हाताला एक झाकण लागलं. ओव्हनच्या भांड्याचं, अर्धंच.

दुसरं अर्धं कुठे?

तिने अख्खं पिंप जमिनीवर पालथं केलं. नव्हतं. ओव्हनची काच दिसायला अगदी बाटलीसारखी, पण बाटलीच्या आचेवर ती वितळत नाही. मुशीत तिचे गोळे राहतात आणि सगळ्या मालाचा सत्यानाश करतात. ती हातून सुटली कधी? आणि मग आठवलं. "सुट्टीच्या दिवशी काय करता?" असं त्याने विचारलं होतं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने मान वर केली होती. बाटल्या पुढे नेणारा सरकता पट्टा काही तिच्यासाठी थांबला नव्हता. ते दुसरं अर्धं आत्ता त्याच्या मुशीत होतं.

ती धावतच सुटली.

भट्टीवर पोचली तेव्हा समितीची माणसं भिंतीलगत उभी होती. पुढे अध्यक्षबाई, चेहरा कोरा. भट्टीचं तोंड उघडं, आतला उजेड डोळ्यांत खुपत होता. तो सळईवर पातळ काच गुंडाळत होता. ती त्याच्याजवळ गेली आणि कुजबुजली, "मुशीत ओव्हनची काच गेलीय. माझ्या हातून."

त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता का, तिला कळलं नाही. तेच जास्त लागलं.

"बाजूला व्हा," तो म्हणाला. "आता थांबता येत नाही."

या भट्टीची एक रीत होती. नवी मूस तयार झाली की तिच्यातून आधी तार काढायची. एकाने सळईवर काच घ्यायची, दुसऱ्याने तिला आपली सळई चिकटवायची, आणि दोघांनी एकमेकांकडे तोंड करून मागे मागे चालत जायचं. मधली काच ओढली जाऊन तार होते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ती अखंड गेली तर मूस चांगली. एक गोळा आडवा आला की तार तुटलीच म्हणून समजा.

आत्याने सळई लावली. दोघं मागे चालू लागले. तार लांबत गेली, केसासारखी बारीक झाली... आणि टक्कन तुटली.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"भट्टी कमी तापली," तो म्हणाला. "चूक माझी."

"खोटं आहे." आपलाच आवाज ऐकून ती दचकली, पण आता माघार नव्हती. "भट्टी बरोबर होती. निवडीत ओव्हनची काच माझ्या हातून सुटली."

"यांना भट्टीतलं काय कळतं?"

"आणि यांना निवडीतलं? तेव्हा यांचं लक्ष काचेवर नव्हतंच."

"तुमचं तरी कुठे होतं?"

समितीतलं कुणीतरी खाकरलं. आत्या छताकडे बघू लागली.

"इतकी वर्षं पाहण्या करतेय," अध्यक्षबाई म्हणाल्या, "चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालणारेच भेटले. ओढून घेणारे आज पाहिले. पण मी काच बघायला आलेय, भांडण नाही. ही मूस सुधारते का?"

"ते तुकडे हलके असतात, वर तरंगतात," तो हळूच म्हणाला. "काढता येतील. पण या उजेडात ते दिसायला हवेत."

"मग घारीला काय नुसतं भांडायला आणलंय?" आत्या म्हणाली आणि भट्टीच्या उजेडात बघायचा आपला निळा चष्मा काढून तिच्या हातात दिला.

भट्टीच्या तोंडाशी ती त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. आचेने पापण्या चुरचुरत होत्या. आधी नुसता पिवळा उजेड... मग त्यात एक पुसट कड, सावलीइतकीच. "डावीकडे. थोडं पुढे... हं." त्याचा पळा अलगद आत जाई आणि गोळा घेऊन बाहेर येई. पुन्हा एक. पुन्हा एक. मग ती खूप वेळ बघत राहिली.

"आता नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

तिने नुसती मान हलवली. नक्की कुठलं? पाचावर धारण बसली होती.

आत्याने तिच्या हातात सळई कोंबली. "माझे गुडघे आज एकदा मागे चालले, पुन्हा चालायचे नाहीत. तू धर."

"मला येत नाही—"

"माझ्याकडे बघ," तो म्हणाला. आजवर तो तिला कधी 'तू' म्हणाला नव्हता. "तारेकडे बघू नकोस, पाऊल चुकतं. मी टाकेन तसं तू टाक."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पट्ट्यापाशी इतके दिवस टाळलं ते असं सगळ्यांसमोर, डोळ्याला डोळा भिडवून. एक पाऊल मागे. अजून एक. तो लांब लांब जात होता आणि तिच्या हाताला मात्र त्याची ओढ जाणवत होती, अगदी हलकी. तुटली तर तो असाच जाईल, हा विचार मनात आला आणि तिचं पाऊल घाईत पडलं. त्याने लगेच पाऊल सावकाश केलं. तिनेही केलं. तार बारीक बारीक होत गेली...

तिच्या पाठीला भिंत लागली. पलीकडे त्याच्याही. मधे तार होती, अख्खी.

"काच इथेच राहील," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण अट आहे. प्रत्येक मुशीआधी तुम्ही दोघांनी मिळून निवड तपासायची. आणि लक्ष काचेवर."

सळई अजून हातात होती, हलायची सोय नव्हती.

"तार थंड होईपर्यंत जागचं हलायचं नाही," पलीकडच्या भिंतीपासून तो मोठ्याने म्हणाला.

"माहीत आहे."

"म्हणून आत्ताच सांगून टाकतो. ही अट मला पुरायची नाही. मला तू रोज हवी आहेस. भट्टी असो, नसो."

"हे... सगळ्यांसमोर?"

"जवळ येऊन बोललो तर पळून जाशील. इथे तुला हलता येत नाही."

"हलता येत नाही. नाही म्हणता येतं."

त्याचा चेहरा पडला. समितीसुद्धा तिच्याकडे बघायला लागली.

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय?" तिला हसू आवरेना, रडूही. "म्हणतेय का मी नाही?"

आत्या पुढे झाली. तिने चिमट्याने तार मधोमध तोडली आणि तुकडे पुढच्या मुशीच्या खोक्यात टाकले. घारीने सळई भिंतीला टेकवून ठेवली आणि ती त्याच्याकडे चालत निघाली.