त्याने हाळी दिली होती

मघाशी टोबी गुरांवरची पाळी संपवून आला तो थेट विस्तवापाशीच उगवला. हाळी नाही, काही नाही. मी खेकसलो तर तुम्ही दोघं खुशाल हसलात.

“अहो काका, आपल्याच तळावर येताना कसली हाळी? मी काय पाव्हणा आहे?”

तुझं बरोबर आहे. आपल्या घरी येताना कुणी हाळी देत नाही. परक्याच्या दारी जाताना द्यावी लागते. शंभर पावलांवर थांबायचं, टोपी काढायची, मोठ्यानं ओरडायचं. आतून ‘ये’ आलं नाही तर घोडा पुढे घालायचा नाही. आणि हाळी देणाऱ्यावर कुणी हत्यार उचलायचं नाही. या मुलखात कोर्टकचेऱ्या आल्या त्याच्या आधीपासून एवढा एक कायदा होता. ओरिन केसलर आमचा डेप्युटी होता, कायद्याचाच माणूस. त्याची गोष्ट सांगतो. कॅल, तो ओंडका जरा आत सरकव.

तेव्हा बिटर फोर्कमध्ये माझा तबेला होता. ओरिन माझा शेजारी. सबंध तालुक्यात त्याच्यासारखा नेमबाज नव्हता, पण त्यानं ते कधी मिरवलं नाही. त्याची बायको लव्हिनिया देवाधर्माची. नवरा कामगिरीवर गेला की रोज संध्याकाळी खिडकीत कंदील लावायची आणि तो परत येईपर्यंत गोडाला शिवायची नाही. आम्ही थट्टा करायचो, “वहिनी, यंदा साखरेचं पोतं तसंच राहणार बघा.” ती हसायची. “राहू दे. तो आला की सगळ्यांना केक करून घालीन.”

चौऱ्याऐंशी सालचा नोव्हेंबर. लेम स्ट्राउड नावाचा एक फरारी होता. टपालगाडीच्या रखवालदाराला मारून पळालेला. लॉस्ट एल्कच्या ओढ्यावर गुराख्यांची एक रिकामी झोपडी आहे, तिथे तो अधूनमधून रात्री मुक्कामाला येतो अशी खबर लागली. करडा घोडा, उंच अंगलोट, काळा कोट. ओरिननं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. शेरीफ गॉल्ट म्हणाला, “जमलं तर जिवंत आण, नाही जमलं तर तसा आण. पण अंगावरचं काही काढू नकोस. जसा पडेल तसा ताडपत्रीत बांधून आण. पंचांसमोर त्याची ओळख पटली पाहिजे.”

ओरिन मंगळवारी निघाला. झोपडीसमोरच्या चढावर, झुडपात पडून राहिला. तीनशे पावलं अंतर. विस्तव पेटवायची सोय नाही, धूर दिसला असता. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. तो मला म्हणाला होता, “दुसऱ्या दिवशी पाय गेले. तिसऱ्या दिवशी राग गेला. लव्हिनिया आठवली तर नुसतं नाव आठवायचं, चेहरा नाही.”

शुक्रवारी, चौदा तारखेला, दिवस मावळता मावळता एक स्वार आला. करडा घोडा. काळा कोट. झोपडीपासून शंभर पावलांवर थांबला, टोपी काढली आणि हाळी दिली.

“ए घरवाले! मी एकटाच आहे!”

हाळी आणि गोळी एकदमच झाली, असं ओरिननं मला आधी सांगितलं होतं.

माणूस जागीच गेला. ओरिन खाली उतरला. त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल? काहीच नाही. त्यानं माणसाला पालथ्याचा उताणा केला, ताडपत्रीत गुंडाळला, दोरीनं सात ठिकाणी आवळला आणि झोपडीच्या भिंतीशी ठेवला. दोन्ही घोडे मागच्या आडोशाला बांधले. आत गेला, चूल पेटवली, कॉफी ठेवली. हात शेकायला लागले तेव्हा कुठे मनात आलं...

झोपडी रिकामी असते, हे लेमला ठाऊक आहे. मग त्यानं हाळी का दिली?

“आत कुणी टपलंय का बघायला दिली असेल,” कॅल म्हणाला.

हेच, अगदी हेच ओरिन स्वतःला सांगत बसला. लेम हुशार आहे. लेम सावध आहे. लेमच असणार. कारण तो लेम नसेल, तर ओरिन डेप्युटी नव्हे, खुनी. सकाळी चाळीस मैल जायचं, गावात लेमची बहीण आहे, तिला प्रेताचं तोंड दाखवायचं, ती हो म्हणाली की सुटलो. त्यानं दाराला आडणा लावला. बाहेर बर्फ पडायला लागलं होतं. अमावास्या तीन दिवसांवर आलेली, त्यामुळे डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

साडेदहाच्या सुमाराला बर्फ थांबलं. खिशातलं घड्याळ त्यानं पाहिलं होतं. पावणेअकराला पुन्हा पाहिलं.

आणि लांबून आवाज आला.

“ए घरवाले! मी एकटाच आहे!”

ओरिननं रायफल उचलली. बाहेर खरा लेम असू शकतो. लेमचा साथीदार असू शकतो. तो गप्प राहिला. उत्तर आलं नाही की रीतीप्रमाणे माणूस निघून जातो.

बराच वेळ गेला.

“ए घरवाले...”

आता जवळून. पन्नास पावलं असतील. घोड्याच्या टापा नाहीत. बर्फावर पाऊल वाजतं ना, तेही नाही. आवाज रागाचा नव्हता. दमलेल्या माणसाचा होता. थंडीनं कुडकुडणाऱ्या.

ओरिन हलला नाही.

चूल विझत आली. लाकूड टाकायला तो उठला नाही. त्याला भीतीसुद्धा वाटत नव्हती, म्हणाला. नुसतं बसायचं. नुसतं ऐकायचं.

मग दाराशीच.

अगदी फळीला तोंड लावून बोलावं तसं.

“घरवाले...”

आणि पुढे काही नाही. कुणीतरी उभं होतं. वाट बघत. कडी वाजवली नाही. दार ढकललं नाही. ‘ये’ म्हटल्याशिवाय आत यायचं नाही, म्हणून नुसतं उभं...

किती वेळ, ते ओरिनला सांगता आलं नाही.

शेवटी तो उठला. दोन मग घेतले, दोन्हीत कॉफी ओतली. आडणा काढला. दार उघडायचा धीर मात्र झाला नाही. मागे येऊन भिंतीला टेकून बसला, डोळे मिटले आणि जे पहिल्या हाळीला म्हणायचं ते म्हणाला.

“ये बाबा. उतर. कॉफी आहे.”

...

दार वाजलं नाही. पाऊल वाजलं नाही. थोडी गार हवा तोंडावर आली. बस्स.

“मग? दिसलं का काही?” टोबीनं विचारलं.

त्यानं डोळे उघडलेच नाहीत रे. उजाडल्यावर उघडले. दार लागलेलं होतं. मगात कॉफी होती तेवढीच. बाहेर बर्फ कोवळं, गुळगुळीत, एक पाऊल नाही. भिंतीशी ताडपत्री होती, सातही गाठी तशाच, वर वीतभर बर्फ. त्यानं ते ओझं करड्या घोड्यावर घातलं आणि मागे न बघता निघाला.

शनिवारी अंधार पडायच्या आधी तो माझ्या तबेल्यात आला. लव्हिनियाचा कंदील लागलेला होता. तिकडे त्यानं बघितलंही नाही. शेरीफ आला. लेमची बहीण ऑर्फा गावात कपडे धुवायची, तिला बोलावणं गेलं. ती ओल्या हातानंच आली. गाठी गोठून दगड झाल्या होत्या, शेरीफनं सुरीनं कापल्या. मी कंदील धरला.

ऑर्फा वाकली. कितीतरी वेळ बघत राहिली.

“हा माझा भाऊ नाही.”

“नीट बघ, बाई.”

“काय नीट बघू? लेमच्या कपाळावर घोड्यानं लाथ मारल्याची खूण आहे, चांगली बोटभर. ह्याचं कपाळ कोरं आहे.” मग तिनं ओरिनकडे पाहिलं. “कुणाचा रे हा? कुणीतरी ह्याची वाट बघत असेल की.” पदर नव्हता तिला, पण बाई तशीच झगा तोंडाशी धरून निघून गेली.

तबेल्यात आम्ही तिघं उरलो, आणि तो.

शेरीफ वाईट माणूस नव्हता. ओरिनवर त्याचा जीव होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, “हे बघ. तिन्हीसांजेला परका माणूस हाळी न देता फरारी माणसाच्या झोपडीवर चालून आला, तू गोळी घातलीस. कुणीही घातली असती. पंच सोडतील. तू एवढंच सांगायचं.”

ओरिन ताडपत्रीकडे बघत होता.

“ऐकतोयस ना? त्यानं हाळी दिली नाही.”



“दिली होती,” ओरिन म्हणाला. “त्यानं हाळी दिली होती. पूर्ण. मी ती आधी ऐकली, आणि मग गोळी घातली.”

“अरे, का पण?”

“थंडी वाजत होती, शेरीफ. म्हटलं, संपव एकदाचं.” त्यानं छातीवरचा बिल्ला काढून गवताच्या पेंढीवर ठेवला. “काल रात्री त्याला सांगितलंय, ये म्हणून. आता तोंड फिरवायचं नाही.”

शेरीफचा चेहरा पडला. मग तो ताडपत्रीवर वाकला आणि एकदम ताठ झाला. “ओरिन, ह्याच्या कमरेला काही नाही. पट्टा कुठाय? बंदूक कुठाय?”

“होता. पट्ट्यासकट बांधलाय मी. वरूनच दोरी आवळली.”

“इथे नाही. बिनहत्याराच्या माणसाला हाळीनंतर मारलंस म्हणालास, तर फास चुकायचा नाही. कळतंय का?”

ओरिनला कळत होतं. तो म्हणाला, “होता,” आणि दोन्ही हात पुढे केले. बेड्यांसाठी.

लव्हिनियाला मीच जाऊन सांगितलं. ती रडली नाही. तिनं कोनाड्यातून दुसरा कंदील काढला, वात नीट केली, पेटवला, पहिल्याच्या शेजारी ठेवला. “त्या मेलेल्याच्या आईला आज ठाऊक नाही,” म्हणाली. “तिच्या वतीनं आपण लावू.” नंतर मला म्हणाली, “भावजी, तुम्ही जाऊन बघाल का? हे खोटं बोलणार नाहीत. पट्टा होता म्हणतात, तर असेल.”

रविवारी मी आणि शेरीफ निघालो, सोमवारी सकाळी पोचलो. मधल्या काळात बर्फ पडलं नव्हतं. झोपडीपासून निघालेल्या खुणा दोनच घोड्यांच्या आणि ओरिनच्या बुटांच्या. सगळ्या जाणाऱ्या. येणारी एक नाही. भोवतालचं बर्फ आम्ही उकरलं, तो पडला ती जागा चाळली. काही नाही. शेरीफ आडोशाकडे गेला. मी म्हटलं, आत बघतो.

त्या पट्ट्यामुळे ओरिनचा फास टळला. चार वर्षांची सजा झाली. भोगून आला, अजून आहे, लव्हिनियाही आहे. खिडकीत दोन कंदील असतात. त्या माणसाचं नाव आजवर लागलेलं नाही, पण ती म्हणते, लागेल. कोर्टात मला विचारलं, पट्टा मिळाला का? मी म्हटलं, मिळाला. विचारलं, कुठे? म्हटलं, झोपडीत. पंच म्हणाले, घाईत त्यानंच काढला असेल आणि विसरला असेल. पुढे कुणी काही विचारलं नाही. मीही बोललो नाही.

तुम्ही दोघं आत्ता जेवायला बसलात तेव्हा पट्टे कुठे ठेवलेत? बघा, गाडीच्या कठड्याला. कुणी सांगितलं? कुणी नाही. ज्याचं अन्न खायचं त्याच्यासमोर कमरेला बंदूक ठेवत नाहीत. आणि ज्याची भीती वाटते... त्याच्या घरात पट्टा कुणी सोडत नाही.

मी दार लोटलं. आत चूल गार. जमिनीवर दोन मग, कॉफी गोठलेली.

दाराच्या आतल्या अंगाला एक खिळा आहे. पाव्हण्यानं पट्टा टांगायचा.

त्याला पट्टा अडकवलेला होता. बक्कल लावून... नीट.